उलट पळालेली सांडणी

"गाडीत जागा एकच आहे," हमूद म्हणाला. "तू तरी ये, नाहीतर वडिलांना तरी बसव."

तो इंग्रजीत बोलला. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी हमूदचं वर केलेलं एक बोट पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि लगेच म्हणाले, "तू जा सिंधे. मी हितं बसतो की."

बसतो म्हणाले खरे, पण ते बसायचे नाहीत हे मला ठाऊक होतं. मस्कतला माझ्याकडे आल्यापासून आप्पा बसत नव्हते. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारापर्यंत, दारापासून पुन्हा स्वयंपाकघरात, अशा त्यांच्या फेऱ्या चालायच्या. पहाटेसुद्धा. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का म्हणून.

आई गेली तेव्हा भावाने आणि मी ठरवलं की आप्पांना वाळव्याच्या घरात एकटं ठेवायचं नाही. भाऊ पुण्यात, त्याची जागा लहान, मुलींच्या परीक्षा. मी म्हणाले, मी नेते. मी इथल्या एका हॉस्पिटलात औषधांच्या विभागात होते, एकटीच राहत होते. माझं लग्न मोडून बराच काळ झाला होता आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. आप्पांना आणताना मला थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू. घरात आपली कुणाला तरी गरज आहे, ही भावना बरी वाटते.

आता त्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. पुढच्या आठवड्यात ती वाढवायची होती. मी त्यांना विचारलं होतं. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले होते, आणि उठून गॅलरीकडे गेले होते.

हमूद आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. त्याच्या चुलत्याच्या सांडण्या, म्हणजे शर्यतीच्या उंटिणी होत्या, आणि शर्यतीच्या वेळी सांडण्यांच्या बरोबरीने धावणाऱ्या गाडीत बसून मला फोटो काढता येतील, असं त्याने कबूल केलं होतं. अशी संधी माझ्यासारख्या हौशी माणसाला एरवी कुठून मिळणार? लग्न मोडल्यावर मी पहिली वस्तू घेतली ती कॅमेरा. दर शुक्रवारी एकटी डोंगरात, समुद्रावर भटकायची. आप्पा आल्यापासून कॅमेरा कपाटात होता. त्या सकाळी तो पुन्हा गळ्यात अडकवला.

शर्यतीच्या मैदानावर मंडपात सावली होती, खुर्च्या होत्या. मी आप्पांना एका खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली.

"इथून हलायचं नाही हं आप्पा. तासाभरात येते."

"व्हय गं. जा. उजेड जाईल तुझा."

मी धावत गाडीकडे गेले. मागे वळून पाहिलं नाही.

हमूदचा चुलता गाडी चालवत होता. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात बिनतारी यंत्र. शर्यतीच्या सांडण्यांवर माणूस बसत नाही. पाठीवर एक छोटं यंत्र बांधलेलं असतं, त्याला रंगीत सदरा चढवलेला, आणि त्याच्या हाताला चाबूक. मालक गाडीतून बटण दाबतो, तिकडे चाबूक फिरतो. मालकाचा आवाजही त्यातूनच सांडणीच्या कानात जातो. धावपट्टीच्या कठड्याबाहेर दोन्ही बाजूंनी अशा पन्नास-साठ गाड्या, सगळ्यांचे भोंगे, सगळ्यांची आरडाओरड, आणि मधल्या पट्ट्यात वाळू उधळत निघालेल्या सांडण्या.

सुरुवातीच्या रेषेवरचा पडदा वर गेला आणि त्या सुटल्या. मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. हमूदने मागून माझा कमरेचा पट्टा धरून ठेवला होता. लांब माना, लोंबणारे ओठ, फेस, हवेत सुटलेले पाय. मी फोटो काढत सुटले. दात किरकिरत होते, डोळ्यांत धूळ जात होती आणि मी मोठ्याने हसत होते. कशाला हसतेय तेही कळत नव्हतं.

थोडं अंतर गेल्यावर एक सांडणी एकाएकी थांबली. मान वळवून तिने मागे पाहिलं, आणि गर्रकन फिरून आलेल्या वाटेने उलट पळत सुटली. पाठीवरचं यंत्र एका बाजूला लटकलं, त्याचा चाबूक हवेतच फिरत राहिला. गाडीत हशा पिकला. मीही कॅमेरा मागे वळवून तिचे दोन फोटो घेतले आणि मग परत पुढच्यांकडे वळले. पुढच्या महत्त्वाच्या होत्या.

चुलत्याची सांडणी चौथी आली. तो खाली उतरून कुणाशी तरी तावातावाने भांडला, मग त्याच माणसाच्या गळ्यात पडला. मी तेही टिपलं. आणखी एक शर्यत झाली, तिच्यातही गेलो. त्या सगळ्या वेळात मला आप्पांची आठवण एकदाही आली नाही.

परत मंडपात आले तर खुर्ची रिकामी. पाण्याची बाटली तशीच, झाकण न उघडलेली, खुर्चीच्या पायाशी.

आधी वाटलं, फेऱ्या मारत असतील. मंडपाला वळसा घातला. मग दुसऱ्या मंडपाला. लघवीला गेले असतील म्हणून तिथे हमूदला पाठवलं. आप्पांच्या अंगात पांढरा सदरा, पांढरा पायजमा होता. आणि त्या मैदानात शेकडो माणसं पायघोळ पांढऱ्या झग्यांत फिरत होती. जो तो पाठमोरा म्हातारा मला आप्पा वाटत होता. मी दोघांच्या खांद्याला हात लावून माफी मागितली. फोन लावला, तर माझ्याच पिशवीत वाजला. हरवतील म्हणून सकाळी मीच त्यांच्याकडून काढून घेतला होता.

कठड्याजवळ एक तरुण उभा होता. हमूदने त्याला अरबीत विचारलं. त्याने हाताने सांडणीची मान दाखवली, मग म्हातारा वाकतो तसा वाकला, मग जमिनीकडे बोट केलं आणि शेवटी लांब उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेकडे.

"काय म्हणतोय?" मी ओरडले.

हमूद अडखळला. "ती मागे पळालेली सांडणी... एक म्हातारा मध्ये आला, म्हणतो. पडला."

रुग्णवाहिकेपर्यंतचं अंतर मी कसं कापलं ते मला सांगता येणार नाही. छातीवर कॅमेरा आदळत होता. डोक्यात एकच वाक्य चालू होतं: भावाला काय सांगू, भावाला काय सांगू. दार उघडंच होतं. आत एक म्हातारा बसला होता आणि नर्स त्याच्या घोट्याला पट्टी गुंडाळत होती. त्याने माझ्याकडे कुतूहलाने पाहिलं आणि सलाम केला.

ते आप्पा नव्हते. मी तिथेच वाळूत बसले.

"दुसरं कुणी आलं होतं का?" हमूदने नर्सला विचारलं. नाही. हाच एक. गर्दीत ढकलला गेला होता.

"मग ते कुठे गेले?" मी म्हणाले. "त्यांना भाषा येत नाही. रस्ता माहीत नाही. हमूद, ते बाहेरच्या वाळवंटात चालत सुटले असतील तर? ते चालतच असतात!"

हमूदने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "तू तासभर फोटो काढतेयस. सगळीकडचे. त्यात बघ ना."

मला हे सुचलं नव्हतं. रुग्णवाहिकेच्या सावलीत बसून मी पहिल्यापासून एकेक फोटो बघू लागले. माना, पाय, धूळ. मंडपाची बाजू कुठे दिसतच नव्हती. मग ती उलट फिरलेली सांडणी आली. पहिल्या फोटोत तिची पाठ, लटकलेलं यंत्र, आणि लांब मागे सुरुवातीच्या जागेचा कठडा. मी फोटो मोठा केला. कठड्याच्या दोन आडव्या दांड्यांमधून एक पांढरा माणूस वाकून आत शिरत होता. एक पाय आत, एक बाहेर. त्याच्या आजूबाजूची माणसं झग्यांत होती. याच्या पायांत पायजमा होता.

दुसऱ्या फोटोत तो धावपट्टीच्या मधोमध उभा होता. दोन्ही हात पसरून. आणि सांडणी थेट त्याच्या अंगावर निघाली होती.

तिसरा फोटो मी घाईघाईने समोर आणला. तो पुढच्या सांडण्यांचा होता. मी तिथून कॅमेरा वळवला होता.

हमूदने माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि त्या सांडणीच्या यंत्रावरचा हिरवा-पिवळा सदरा निरखून पाहिला. "ही खल्फानची," तो म्हणाला. "म्हातारा खल्फान. त्याचं सांडण्यांचं आवार मैदानाच्या टोकाला आहे. चल."

आवाराला झावळ्यांचं कुंपण होतं. गाडी थांबायच्या आधीच मी उतरले, आणि कुंपणाशी पोचले तर आतून आवाज आला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. आप्पा बोलत होते. नुसतं हो-नाही नव्हे. गप्पा मारत होते.

"हमारा बैल बी ऐसाच था," ते त्यांच्या हिंदीत सांगत होते. "सब गाड्यां सामने जाते, ये घर के तरफ पळता."

"पळता नहीं, भागता," दुसरा आवाज म्हणाला आणि हसला.

झावळ्यांच्या फटीतून मला दिसलं. चटईवर आप्पा मांडी घालून बसले होते. बसले होते! हातात कॉफीची वाटी, उजव्या पंजाला फडकं गुंडाळलेलं, त्यावर थोडं रक्त. समोर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा. मागे ती सांडणी खाली बसून निवांत रवंथ करत होती.

"समहा को घर याद आता है," खल्फान सांडणीकडे बोट करून म्हणाला. "मेरे को भी आता था. बंबई में. डोंगरी में रहता था, जवान था, गोदी में काम. सब अच्छा था. बस नींद नहीं आती थी."

"फिर?"

"फिर क्या. एक दिन जहाज में बैठ गया."

आप्पांनी वाटी खाली ठेवली. "मेरेको बी जाना है," ते म्हणाले.

हमूद माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मी त्याला हाताने थांबवलं.

"तो जाओ," खल्फान म्हणाला.

"कैसा जाऊं? लडकी अकेली है. घरवाला गया उसका. किसी को कुछ बोलती नहीं. मैं हूं तो टाइम पे घर आती, मेरे वास्ते भाकरी करती, खुद बी खाती. मैं गया तो कौन देखेगा? उसके वास्ते रुका मैं."

"उसको मालूम है?"

"नहीं. उसको लगता मैं उसके बिना रहेगा नहीं. लगने दो. उसको अच्छा लगता."

खल्फानने त्यांच्या वाटीत कॉफी ओतली. "और तेरे को क्या चाहिए?"

आप्पांनी वाटी बाजूला सारली. मला वाटलं, आता उठतील.

"मेरा घर," ते म्हणाले. "मैं कारखाने में था. शक्कर का कारखाना. सुबे भोंगा बजता. भोंगा बजा तो मैं उठता, चाय करता, उसकी मां को देता. इधर उठता तो कुछ बजताच नहीं. तो चलता रहता. इधर से उधर. वो उधर गई, उस घर में. मेरेको उधर रहना है. बच्चे बोलते, उधर रहा तो तुम रोएगा. रोएगा तो रोएगा. रोने को बी अपना घर होना ना, भाई?"

 खल्फानने आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आणि मी काय केलं, तर कॅमेरा उचलला. सवयीने, दुसरं काही सुचेना म्हणून. झावळ्यांच्या फटीतून दोघांचा फोटो काढला. तो आवाज ऐकून दोघांनी वळून पाहिलं.

आप्पांचा चेहरा डोळ्यांदेखत बदलला. पुन्हा ते माझ्या घरातले आप्पा झाले. घाईघाईने उठले. "आलीस व्हय? झालं फोटो?"

"कुठं होता तुम्ही?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी वेड्यासारखी शोधतेय! सांडणीच्या पुढ्यात जाऊन उभे राहता? या वयात?"

"आगं, ती मागं पळत आलती. फुडं रस्ता हाय, ट्रका जात्यात. दोर लोंबत हुता, धरला."

"मेला असता!"

"मेलो न्हाई की."

"बेटी," खल्फान म्हणाला, "चिल्लाओ मत. कॉफी पियो."

मी चटईवर बसले. कॉफी प्यायले, खजूर खाल्ला, आप्पांच्या हाताचं फडकं सोडून जखम पाहिली. दोर पंजातून घसरत गेला होता आणि कातडी सोलली होती. निघताना खल्फानने आप्पांना मिठी मारली. आप्पांना मिठीची सवय नव्हती, ते ताठ उभे राहिले, मग त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, बैलाला थोपटावं तसं.

हमूदचा निरोप घेऊन माझ्या गाडीने मस्कतच्या रस्त्याला लागल्यावर मी म्हणाले, "आप्पा, मी ऐकलं."

"काय?"

"सगळं. मी बाहेरच उभी होते."

त्यांनी खिडकीची काच खाली केली. वर केली. पुन्हा खाली केली.

"तुमचं हिंदी किती वाईट आहे," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"गाडी बाजूला घे. रडत चालवू नगंस."

मी गाडी कडेला थांबवली. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती.

"व्हिसा वाढवायचा नाही," मी म्हणाले. "तिकीट काढते तुमचं."

"आणि तू?"

"मी काय? मी आहे."

"येळंवर जेवशील?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. त्यांनाही तेच हवं होतं. पण मला एकदम कंटाळा आला, आम्ही एकमेकांशी इतकं चांगलं वागण्याचा.

"नाही," मी म्हणाले. "नाही जेवणार वेळेवर. मनात येईल तेव्हा घरी येईन. शुक्रवारी डोंगरात जाईन, एकटी. आप्पा, मला एकटं राहायला आवडतं. तो गेला म्हणून मी एकटी पडले नाही. एकटी राहायला लागले आणि मला ते आवडलं. तुम्ही आल्यापासून मी रोज पाचला हातातलं काम टाकून पळत येते. तुम्ही वाट बघत असाल म्हणून."

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशीही इतकं स्पष्ट बोलले नव्हते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोर पाहत राहिले. त्यांना लागलं होतं. जबडा हलत होता.

"मग आधी बोलायचं न्हाईस व्हय?" ते एकदम ओरडले. "तीन म्हयनं मी त्या खोलीत कोंडून घेतलंय!"

"तुम्ही बोललात का?"

"कसा बोलणार! तू येतीस, हात बी न धुता भाकरी थापाय बसतीस. मला भाकरी नसली तरी चालती. ब्रेड खातो मी."

"आणि ती रात्रीची मालिका? ती तर तुम्हाला आवडते ना?"

"मला?" आप्पा माझ्याकडे वळले. "ती बाई सारखी रडती! तू लावतीस म्हणून बघतो."

"मी तुमच्यासाठी लावते!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आधी त्यांना हसू आलं. त्यांचं हसू असं असायचं, की खांदे हलायचे आणि आवाज यायचा नाही. आई गेल्यानंतर ते मी पहिल्यांदा पाहत होते. मग मलाही आवरेना. बाजूला एक गाडी थांबली, आतल्या माणसाने काही मदत हवी का असं खुणेने विचारलं, आणि आम्हाला हसताना पाहून गेला निघून.

भाऊ फोनवर माझ्यावर खूप चिडला. "तू त्यांना एकटं पाठवतेस? काही झालं म्हणजे?" आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी जातोय," ते म्हणाले. "मला कुणी पाठवत न्हाई."

ते त्या घरात पुढे सहा वर्षं राहिले आणि तिथेच गेले. सुरुवातीला खूप रडायचे, असं शेजारच्या ताराकाकू सांगत. अंगणात बसून, लोकांसमोर, खुशाल. मग हळूहळू कमी झालं. मी दर सुट्टीत जायची, आणि परत इकडे यायची. मी अजून इथेच आहे.

ते निघाले त्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही. आतल्या दाराशी मी नमस्कार केला, त्यांनी माझ्या डोक्यावर पंजा ठेवला, खपली धरलेला, आणि म्हणाले, "बरं." एवढंच. मग निघाले. तीन महिने माझ्या घरात त्यांनी कितीतरी फेऱ्या घातल्या होत्या, पण हे चालणं निराळं होतं. कुठे जायचंय ते माहीत असलेल्या माणसाचं. काचेपलीकडे रांग होती, ते रांगेत लागले, पुढे सरकले, तपासणीच्या कमानीखालून गेले. मी काचेला कपाळ टेकवून उभी होते. आता वळून बघतील, मग हात करू, असं मनाशी म्हणत होते.

ते वळले नाहीत. बॅग खांद्याला लावून भराभरा गर्दीत दिसेनासे झाले. मला वाटलं होतं वाईट वाटेल. पण मी बाहेर आले, आणि वाहनतळावरच्या त्या भर उन्हात मला इतकं हलकं वाटलं, की गाडीशी पोचेपर्यंत मी जवळजवळ पळत होते.